हात्झेरीमची म्हातारी विमानं



बेर-शेवात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हात्झेरीम हे नाव नवीन नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की पश्चिमेकडून जेट विमानांचा आवाज येतो. पाहुणे दचकतात, घरच्यांना त्याचं काहीच वाटत नाही. तो आवाज हात्झेरीमच्या हवाई तळावरचा. पण त्याच तळाला लागून शंभराहून अधिक विमानं अशी उभी आहेत की ज्यांचा आवाज केव्हाच बंद झाला. ते आपल्या हवाईदलाचं म्युझियम.

डिमोना, येरुहाम, किर्यात गात, अश्दोद, कुठूनही ते फार लांब नाही. तरी आपल्यापैकी किती जणांनी ते नीट पाहिलं आहे? मुलांच्या शाळेच्या ट्रिपबरोबर गेलो, फोटो काढले, सँडविच खाल्लं आणि परत आलो, एवढंच. मीही त्यातलाच. काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ मंडळींची सहल गेली, तेव्हा बसमध्ये माझ्या शेजारी लोडचे एक काका बसले होते. विमानाच्या कारखान्यात पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर फिरलो आणि म्युझियम पहिल्यांदाच पाहिलं असं वाटलं.

झालं असं की आम्ही सगळे विमानासमोरची पाटी वाचत होतो आणि काका विमानाच्या पोटाखाली वाकून अंगठ्याने रिवेटची ओळ चाचपत होते.

"काका, पाटी तरी वाचा," मी म्हटलं.

"तू वाच रे. पाटीवर उडवणाऱ्याची हकीकत असते," काका म्हणाले. "हे बघ, ह्या ओळीतले चार रिवेट मागाहून मारलेले आहेत. इथे कधीतरी काहीतरी लागलंय. कोणीतरी रात्री बसून हे दुरुस्त केलंय, सकाळी विमान पुन्हा जाण्यासाठी."

त्या दिवसापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं आज वाचकांपुढे ठेवतो.

म्युझियम कसं उभं राहिलं

हात्झेरीमचा हवाई तळ १९६६ साली सुरू झाला. म्युझियमची स्थापना १९७७ सालची. ह्यात पुढाकार होता याकोव्ह टर्नर यांचा. ते ह्या तळाचे कमांडर होते, पुढे देशाचे पोलीस प्रमुख झाले आणि १९९८ ते २००८ बेर-शेवाचे महापौर. म्हणजे बेर-शेवाच्या लोकांनी त्यांना महापौर म्हणून पाहिलं, पण त्यांच्या हातून झालेलं हे कामही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुनी विमानं भंगारात जायची ती त्यांनी अडवली. सामान्य लोकांसाठी म्युझियम १९९१ साली खुलं झालं.

भंगारात जायची म्हणजे अक्षरशः जायची. नवा देश, पैशाची चणचण, रोज नवी लढाई. जुनं विमान जपून ठेवायची चैन कोणाला परवडणार? काही विमानं विकली गेली. १९५०च्या दशकात ३० स्पिटफायर आपल्याकडून ब्रह्मदेशाला गेली. काही किबुत्झमध्ये मुलांना खेळायला दिली. उत्तरेकडच्या काब्री किबुत्झमध्ये एक स्पिटफायर कितीतरी वर्षं बालवाडीतल्या घसरगुंडीसारखी पडून होती. मुलं तिच्यावर चढायची, उतरायची. शेवटी १९७०च्या दशकात एका इंग्रज संग्राहकाने ती शोधून काढली आणि इंग्लंडला नेली. तिथे ती पुन्हा उडण्यालायक झाली. आपल्या घरचं जुनं तांब्याचं घंगाळ आपण मोडीत काढावं आणि ते परक्याने दिवाणखान्यात मांडावं, तसंच हे.

भंगारातून जन्मलेलं हवाईदल

गंमत अशी की हे हवाईदल जन्मालाच मुळी भंगारातून आलं. इंग्रज १९४८ साली गेले तेव्हा त्यांच्या तळांवर मोडक्या स्पिटफायरचे सांगाडे टाकून गेले होते. त्यातले तुकडे आणि पाडलेल्या एका इजिप्शियन स्पिटफायरचे भाग एकत्र करून आपल्या मेकॅनिकांनी आपलं पहिलं स्पिटफायर तयार केलं.

त्याच्याही आधी आलं ते चेकोस्लोवाकियाचं आव्हिया एस-१९९. हे विमान हात्झेरीमला जरूर बघा. सांगाडा जर्मन मेसरश्मिटचा. ज्या विमानाने हिटलरचं आकाश राखलं, तेच तीन वर्षांनी ज्यू राष्ट्राचं पहिलं लढाऊ विमान झालं. पण मूळ इंजिनांचा साठा चेकोस्लोवाकियात गोदामाला लागलेल्या आगीत गेला होता, म्हणून त्यात बाँबफेकी विमानाचं जड इंजिन बसवलं. त्याला पंखाही रुंद आणि जड. परिणाम काय, तर धावपट्टीवर वेग घेतला की विमान एका बाजूला खेचलं जायचं. चेक वैमानिक त्याला खेचर म्हणत. आपल्याकडे त्याला 'सकीन', म्हणजे सुरी, असं नाव दिलं. ही सुरी कधीकधी धरणाऱ्यालाच कापायची.

अशी २५ विमानं विकत घेतली गेली. सुटे भाग करून मालवाहू विमानातून आणली आणि इथे चेक तंत्रज्ञांच्या मदतीने पुन्हा जोडली. त्यातली पहिली चार २९ मे १९४८ रोजी उडाली. चाचणी वगैरे काही नाही, जोडली आणि सरळ लढाईवर. इजिप्तची फौज तेल अवीवच्या रोखाने येत येत अश्दोदजवळच्या पुलापर्यंत आली होती. पूल आपल्या सैनिकांनी उडवला होता आणि फौज तिथे अडकली होती. चार वैमानिक होते लू लेनार्ट, मोदी आलोन, एझेर वाइझमन आणि एडी कोहेन. बाँब फार अचूक पडले नाहीत, तोफा मध्येच अडकल्या, आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेला एडी कोहेन त्यात गेला. नुकसान थोडंच झालं. पण ज्यूंकडे विमानंच नाहीत असं समजून आलेल्या फौजेला धक्का बसला आणि ती तिथून पुढे आली नाही. त्या जागेला 'आद हालोम' म्हणतात, म्हणजे 'इथवरच'. अश्दोदचे आपले लोक त्या नावाच्या स्टेशनावर रोज गाडीत चढतात आणि उतरतात. पुढच्या वेळी पाटी वाचाल तेव्हा ह्या खेचराची आठवण काढा.

मोदी आलोनही त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला विमान उतरवताना अपघातात गेले. वैमानिकांची ही नावं शाळेतली मुलंही सांगतात. पण सॅम पॉमरन्स हे नाव किती जणांना माहीत आहे? हा अमेरिकन ज्यू इंजिनियर. चेकोस्लोवाकियाकडून घेतलेली स्पिटफायर इथवर आणायची होती. युगोस्लाव्हियातून थेट इथे, समुद्रावरून, सुमारे २२०० किलोमीटर. स्पिटफायर हे मुळात थोड्या पल्ल्याचं विमान. पॉमरन्सने त्यातल्या तोफा काढल्या, वायरलेस काढला, वजन जेवढं कमी करता येईल तेवढं केलं आणि पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये सहा विमानं निघाली, त्यातली तीनच थेट पोचली. डिसेंबरमध्ये दुसरी तुकडी निघाली तेव्हा पॉमरन्स स्वतः एक विमान घेऊन निघाला आणि युगोस्लाव्हियाच्या डोंगरात बर्फाच्या वादळात सापडून मरण पावला.

काळी स्पिटफायर

म्युझियमची सगळ्यात लाडकी ही काळी स्पिटफायर. काळाभोर रंग, अंगावर लाल पट्टा. १९४५ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, मग चेकोस्लोवाकियात, तिथून आपल्याकडे. हवाईदलाचे प्रमुख आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एझेर वाइझमन यांचं हे खास विमान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात असताना वाइझमन काही काळ भारतातही होते, आणि १९९६ च्या डिसेंबरात भारतभेटीला गेलेले ते पहिले इस्राएली राष्ट्राध्यक्ष, हे आपल्या लोकांना सांगायला नकोच.

ही स्पिटफायर नुसती उभी ठेवलेली नाही, तिला उडती ठेवली आहे. हवाईदलाच्या समारंभात ती आकाशात दिसली की म्हातारी माणसंही हातातला चहा खाली ठेवतात. पण उडती ठेवायची म्हणजे काय ते ऐका. तिचं मर्लिन इंजिन १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं. असं इंजिन आज कुठे नवीन तयार होत नाही. ते किती तास चाललं ह्याचा हिशेब ठेवावा लागतो. ठराविक तास झाले की सगळं उघडायचं, एकेक भाग तपासायचा, झिजलेला बदलायचा. शेपटीच्या सुकाणूवर कापड ताणलेलं असतं, ते सैल पडलं की पुन्हा चढवायचं.

इथे एक जुना वाद आहे. काही म्हणतात, विमान उडण्यासाठी जन्मलं, त्याला उडू द्या. काही म्हणतात, एक चूक झाली की विमानही गेलं आणि माणूसही, मग पुढच्या पिढीने काय बघायचं? शिवाय उडत्या विमानाचा एकेक भाग बदलत गेला तर शेवटी मूळ विमान राहिलं किती? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्या आजीच्या पाट्याला तीनदा टाकी लावली, वरवंटा दोनदा बदलला. तरी पाटा आजीचाच ना?" मला ते पटलं. पण म्युझियमवाल्यांचंही पटतं. म्हणून एक उडतं ठेवावं आणि बाकीची जपून उभी ठेवावी, हा मधला मार्ग शहाणपणाचा.

उभं विमान जपणं सोपं नाही

लोकांना वाटतं, उभं करून ठेवलं की झालं. तसं नाही. नेगेवची हवा कोरडी, म्हणून गंज कमी. अमेरिकाही आपली जुनी लष्करी विमानं आरिझोनाच्या वाळवंटात ठेवते, ती ह्याच कारणाने. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरायला वेळ लागत नाही. इथे ते भय कमी. पण इथे ऊन आहे. हात्झेरीमची बहुतेक विमानं उघड्यावर आहेत. उन्हाने रंग पांढुरका पडतो. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच प्लास्टिकची असते, ती आधी पिवळी पडते, मग तिच्यात बारीक भेगा येतात. रबराचे टायर आणि नळ्या कडक होऊन तडकतात. शरावच्या दिवसांत बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरते. आणि पक्षी! जेटचं तोंड म्हणजे त्यांना आयतं घर. म्हणून विमानांच्या तोंडांना झाकणं लावलेली दिसतात.

प्रदर्शनात मांडायच्या आधीही बरंच काम असतं. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखाली स्फोटक असतं, ते काढावं लागतं. जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग दिलेला असे, तो धोकादायक, तोही बघावा लागतो. टाक्या कोरड्या करायच्या. भाग कमी पडला तर त्याच जातीच्या दुसऱ्या मोडक्या विमानाचा काढून लावायचा. नाहीच मिळाला तर पत्रा ठोकून हाताने घडवायचा.

आणि सर्वांत नाजूक काम रंगाचं. जुना रंग एकदम खरवडून टाकत नाहीत. बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासत गेलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर उघडतात. वरचा रंग, त्याखाली जुना नंबर, त्याखाली दुसऱ्याच स्क्वाड्रनचं चिन्ह, त्याखाली कधी परक्या देशाची निशाणी. मग प्रश्न येतो, ह्यातला कोणता दिवस दाखवायचा? काळ्या स्पिटफायरचंच घ्या. ती लढाईत काळी नव्हती. काळा रंग वाइझमन यांच्या काळातला. तरी तिला काळीच ठेवली, कारण लोकांच्या आठवणीत ती तशीच आहे. ह्याला चूक म्हणता येत नाही. फक्त पाटीवर खरं लिहिलेलं असावं.

तुफान आणि मिग

फिरता फिरता एक विमान पाहून काका थांबले. फ्रेंच बनावटीचं उरागान. उरागान म्हणजे तुफान. आता योगायोग बघा. भारताने हेच विमान १९५३ साली घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'तूफानी'. आपल्याकडे ते १९५५ साली आलं. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९५६ ला, हैफावर तोफा डागायला आलेल्या 'इब्राहीम एल-अव्वल' ह्या इजिप्शियन युद्धनौकेवर दोन उरागानांनी रॉकेटं मारली. जहाज शरण आलं आणि पुढे 'हैफा' नावाने आपल्याच आरमारात दाखल झालं. उरागानचा धाकटा भाऊ मिस्टेर, तोही दोन्ही देशांत होता. भारताच्या मिस्टेरांनी १९६५ चं युद्ध केलं. दिल्लीला पालमच्या हवाईदल म्युझियममध्ये ही दोन्ही विमानं आहेत. म्हणजे आपल्यातला एखादा भाऊ भारतात राहिला, एक इथे आला, तसंच ह्या विमानांचं.

मिग-२१ ची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १६ ऑगस्ट १९६६ रोजी इराकी वैमानिक मुनीर रेदफा हे विमान घेऊन इस्राएलमध्ये उतरला. आपल्या लोकांनी त्याला नंबर दिला ००७. ते विमान हात्झेरीमला आहे. पण आपल्याला त्यात आणखी एक गोडी आहे. भारतीय हवाईदलाने मिग-२१ हे विमान १९६३ पासून वापरलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला. त्यातली कितीतरी विमानं नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. म्हणजे जे विमान इथे परक्याचं म्हणून मांडलं आहे, त्याच जातीच्या विमानांचे पत्रे तिकडे मराठी बोलणाऱ्या हातांनी जोडले. हे मी सांगितलं तेव्हा काका हसले. "म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसं खाली वाकलेली," म्हणाले.

लावी

शेवटी काका ज्या विमानापाशी बराच वेळ उभे राहिले ते लावी. लावी म्हणजे सिंह. लढाऊ विमान आपण स्वतः बनवायचं ह्या जिद्दीने आखलेलं. पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९८६. खर्च मात्र झेपेना. ३० ऑगस्ट १९८७ ला मंत्रिमंडळात मतदान झालं आणि १२ विरुद्ध ११ मतांनी लावी बंद झालं. फक्त एका मताने! हजारो लोकांचं काम गेलं. लोड-रामले भागातल्या आपल्या घरांतूनही त्या दिवसांची आठवण निघते. काही जण दुसऱ्या कामाला लागले, काहींनी देश सोडला. त्या वेळी शिकलेलं पुढे इथल्या उद्योगाला उपयोगी पडलं, असं आज सांगतात. ते खरंही आहे. पण ज्याचा पगार थांबला त्याच्या घरी तेव्हा हे सांगून चूल पेटली नसती.

काका लावीच्या बाजूने हळूहळू एक फेरी मारून आले. ह्या वेळी पत्र्याला हात लावला नाही. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. मग खिशातला रुमाल काढून टोपीखालचा घाम पुसला आणि म्हणाले, "चल, बस सुटेल."

आता थोडं आपल्याबद्दल

कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. घाण्याचं तेल हाताला, शनिवारी मात्र सुट्टी. मुंबईत आल्यावर काही जण रेल्वेच्या वर्कशॉपात गेले, काही गोदीत, काही गिरणीत. इथे अलिया करून आल्यावर पुन्हा तेच, तेलकट हात. भाषा येत नव्हती, पण पाना धरता येत होता. त्या पिढीतले कितीतरी जण विमानांच्या कारखान्यात, हवाईदलाच्या वर्कशॉपमध्ये, बसच्या गॅरेजमध्ये निवृत्त झाले. म्युझियमच्या पाट्यांवर त्यांची नावं नाहीत, आणि नसणारच. पाट्या वैमानिकांच्या. पण जगभर जिथे जिथे जुनी विमानं पुन्हा उभी केली जातात, तिथे अडतं ते नेमकं ह्याच माणसांपाशी. अमुक बोल्ट किती घट्ट करायचा, अमुक पत्रा कोणत्या बाजूने वळवायचा, हे पुस्तकात असतंही आणि नसतंही. ज्याने केलं त्याच्या हातात असतं. तो माणूस गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

भारतातलं एक उदाहरण देतो. जुनं डाकोटा विमान भंगारातून घेऊन राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये ते उडतं करवून घेतलं आणि २०१८ साली भारतीय हवाईदलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाईदलात डाकोटा उडवत असत. त्याचं नाव ठेवलं 'परशुराम'. मुलाने बापाची आठवण अशी जपली. आपल्याकडे एवढे पैसे नाहीत. पण वही आणि पेन तर आहे?

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात असे कोणी आजोबा, काका, मामा असतील तर त्यांना हात्झेरीमला घेऊन जा. सकाळी लवकर जा, टोपी घाला, पाण्याची बाटली विसरू नका, विमानं उन्हात आहेत आणि तुम्हीही उन्हातच असणार. नातवंडांना बरोबर न्या. नातवंडं मराठी समजत नसतील तर तुम्ही हिब्रूत सांगा. पाटी वाचून झाली की आजोबांना विचारा, 'सबा, तुम्ही नक्की काय काम करत होता?' पुष्कळ घरांत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाही.

ते जे सांगतील ते लिहून काढा. मराठीत, हिब्रूत, जसं जमेल तसं. जुना फोटो असेल, कारखान्याचा बिल्ला असेल, तर त्याच्या मागे नाव आणि साल लिहून ठेवा. आणि आपल्या ह्या अंकासाठी पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ.

लोडच्या काकांची हकीकत मी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत चार पानं झाली, अजून पहिल्याच विमानाचं पोट चालू आहे.